मी तिथे नव्हतेच!

वरणाला फोडणी घालत होते, तोच आमचे हे घरात आले. चपला काढायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "बारा तारखेला तू कुठे होतीस?"

२०२४ सालचा नोव्हेंबर. विधानसभेच्या निवडणुका दोन दिवसांवर आलेल्या. हे शाळामास्तर, त्यामुळे निवडणुकीचं काम मागे लागलेलं आणि डोकं आधीच तापलेलं. मला वाटलं, मतदान यंत्राबद्दलच काहीतरी असेल. पण मोबाइलवर चलन होतं. माझ्या स्कूटरचं. १२ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं, नो पार्किंग, दंड ५०० रुपये. आणि ठिकाण? माझ्या माहेरच्या गावची बाजारपेठ!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बाई माहेरी गेली, गाडी चुकीच्या जागी लावली, पाचशे रुपये गेले. पण मैत्रिणींनो, मी माहेरी गेलेच नव्हते. दीड वर्ष गेले नव्हते. माझ्या धाकट्या भावानं ह्यांच्याकडून काही पैसे उसने घेतले होते. कापसाचा भाव पडला, पैसे परत यायचे राहिले, फोनवर शब्दाला शब्द वाढला आणि "पैशाचं मिटल्याशिवाय तू तिकडे जायचं नाही," असं ह्यांनी बजावलं. मी ऐकलं. बरोबर की चूक, हा वेगळा प्रश्न, पण ऐकलं. त्या वर्षीची भाऊबीजही तशीच कोरडी गेली. आणि इतकं सगळं पाळून वर हा सवाल.

मी म्हटलं, "मी कुठे जाणार? इथेच होते."

"मग गाडी एकटीच गेली का?"

मुलगा अभ्यासाची वही घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण पेन्सिल थांबली. मला ते फार लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बारा तारखेला मी नेमकी कुठे होते हे मलाच आठवेना! तुम्हीच आठवून बघा बरं, आजपासून सहा दिवसांपूर्वी सकाळी साडेअकराला तुम्ही काय करत होता? रोजचा दिवस रोजच्यासारखाच जातो. भाजी, डबा, नळ, फॉल-पिकोची गिऱ्हाइकं. कशाला खूण लावून ठेवतो आपण?

रात्री ह्यांनी आपणहून तडजोड काढली. "जाऊ दे. पाचशेच रुपये आहेत. आत्ता भरून टाकतो."

"थांबा, भरू नका," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण सासूबाई खोलीतून बाहेर आल्या.

भरले असते तर काय झालं असतं? दंड भरला की तडजोड झाली, प्रकरण मिटलं. मग "मी नव्हते" असं म्हणायला तोंड उरत नाही, ना पोलिसांसमोर ना घरात. शिवाय ती गाडी माझी आहे. २०१७ साली भिशीच्या आणि फॉल-पिकोच्या पैशांतून घेतलेली. घर ह्यांच्या नावावर, शेत सासरेबुवांनंतर दोघा भावांच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाई. माझ्या नावावर सरकारदरबारी काय आहे म्हणाल, तर ही स्कूटर. तिच्यावर ठपका म्हणजे माझ्यावर ठपका.

सकाळी चहा पिता पिता सासूबाईच म्हणाल्या, "कोन्ती तारीख म्हन्ली? बारा? अव, थ्या दिवशी एकादस होती नं! कार्तिकी. तू मले ब्यांकेत घेऊन गेल्ती, मी जित्ती हाव म्हनून सांगाले. आल्यावर साबुदान्याची उसळ केल्ती तू. काहून इसरली?"

हातातला कप खाली ठेवून मी त्यांच्या पायाच पडायची बाकी राहिले. खरंच की! सासूबाईंना सासऱ्यांच्या मागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. एकादशीला गर्दी कमी असेल म्हणून त्यांनीच तो दिवस काढला होता. (गर्दी कमी नव्हती.) दाखला दिल्याची पोच त्यांच्या पिशवीत, देवीच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली, तिच्यावर बँकेचा शिक्का आणि तारीख. वेळ मात्र नव्हती. वेळ सापडली माझ्या मोबाइलमध्ये. बँकेतून निघून आर्णी रोडच्या पंपावर दोनशेचं पेट्रोल टाकलं होतं, ते मोबाइलवरूनच दिलं होतं: ११ वाजून २६ मिनिटं. चौदा मिनिटांत माझी स्कूटर दीड तासाच्या वाटेवरच्या गावी पोहोचली असेल, तर ती विमान कंपनीला विकलेली बरी.

आता चलन नीट पाहायचं होतं. इथे एक सांगून ठेवते. मोबाइलवर आलेल्या संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावानं फाइली येतात. त्या उघडल्या की मोबाइल परक्याच्या ताब्यात जातो आणि बँकेतले पैसे जातात. आपल्या राज्याच्या वाहतूक पोलिसांचं 'महाट्रॅफिक' नावाचं अ‍ॅप आहे, संकेतस्थळही आहे. तिथे आपण स्वतः जाऊन गाडीचा नंबर घालायचा. चलन खरं असेल तर तिथे दिसतंच, आणि मुख्य म्हणजे फोटोही दिसतो.

आमच्यात फोटो पाहिलाच नव्हता कोणी! ह्यांनी रक्कम वाचली, गावाचं नाव वाचलं आणि निकाल दिला.

फोटोत एक करडी स्कूटर होती. माझीही करडीच. नंबर एमएच २९, म्हणजे आपल्या यवतमाळचाच. पुढची अक्षरं तीच, आकडे तेच. माझ्या काळजात धस्स झालं. मग मुलानं फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "आई, हिला मागे टेका कुठे आहे?"

सासूबाईंना बसायला भीती वाटते, म्हणून मी माझ्या गाडीला मागे टेका बसवून घेतलाय. साडीगार्डही आहे. फोटोतल्या गाडीला दोन्ही नव्हतं. आणि नंबरच्या पाटीवर, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ती काळी बाहुली लोंबत होती, ती नेमकी शेवटच्या आकड्याच्या डाव्या अंगावर. आठचा डावा भाग झाकला की काय उरतं? तीन! माझ्या गाडीचा शेवटचा आकडा तीन. कोणा दुसऱ्या बाईची, नाहीतर बुवाची, दृष्ट टळली आणि ती मला लागली.

ह्यांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "हं," म्हणाले आणि निवडणुकीच्या कामाला निघून गेले. नवऱ्यांचा हा 'हं' तुमच्याही ओळखीचा असेल.

मी अर्ज लिहायला घेतला. पहिला मजकूर दोन पानं झाला. त्यात भाऊबीज होती, निवडणूक होती, "एका निरपराध गृहिणीला" वगैरे शब्द होते. आमच्या आळीत एक वकीलबाई राहतात, ब्लाउजच्या निमित्तानं येणंजाणं आहे. त्यांनी तो वाचला, हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार, आणि म्हणाल्या, "वहिनी, वाचणाऱ्याकडे एक मिनिट आहे असं समजून लिहा." मग अर्ज असा उरला:

"चलनात नमूद केलेल्या क्रमांकाच्या वाहनाची मी मालक आहे. दि. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ११.४० वाजता माझे वाहन यवतमाळ येथे होते. चलनाच्या छायाचित्रातील वाहन माझे नाही. छायाचित्रात शेवटचा अंक बाहुलीने अर्धा झाकलेला असून तो ३ नसून ८ असावा. माझ्या वाहनास पाठीचा टेका व साडीगार्ड आहे, छायाचित्रातील वाहनास नाही. सोबत माझ्या वाहनाचा मागील बाजूचा फोटो, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, पेट्रोलच्या देयकाची वेळ व बँकेची पोच जोडली आहे. चलन रद्द करावे, ही विनंती."

एवढंच. चलन क्रमांक वर ठळक. अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे हे घातलं. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लगेच लिहून ठेवला. मी गॅसच्या वहीत सिलिंडरच्या तारखांखाली लिहिला.

वकीलबाईंनी चहाबरोबर मला बरंच काही शिकवलं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १७७ व्या कलमाखाली अशा किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड, पण पुन्हा तसाच गुन्हा झाला तर दीड हजारापर्यंत. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे पाचशे भरले, तर उद्या खरोखर चुकले की ते "पुन्हा" धरलं जाण्याची भीती! हे ऐकून ह्यांचाही चेहरा जरा बदलला. गाडी आपलीच असेल पण चालवायला दुसऱ्याला दिली असेल, तर मात्र ती कोणाकडे होती हे पोलिसांना सांगणं मालकाला भाग आहे. भाच्याला वाचवायला "आठवत नाही" म्हणून चालत नाही. आणि चौकात 'नो पार्किंग'ची पाटीच नसेल, किंवा जाहिरातीच्या फलकाआड गेली असेल, तर त्याच दिवशी, त्याच जागी उभं राहून फोटो काढून ठेवायचा. महिन्यानं काढलेल्या फोटोला कोण विचारतो?

शेजारच्या काकूंचं दुखणं आणखी निराळं निघालं. त्यांनी तीन वर्षांपूर्वी जुनी मोपेड विकली. पैसे घेतले, किल्ली दिली, झालं. कागद तसेच. आता घेणारा गावभर कुठेही गाडी लावतो आणि चलनं काकूंच्या नावावर येतात. गाडी विकल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलून घ्यायचं असतं, हे काकूंना आता समजलं. "मला वाटलं, किल्ली दिली की गाडी गेली," असं त्या म्हणाल्या. मला तरी कुठे माहीत होतं?

मला सल्ला देणारे कमी नव्हते. जो तो म्हणे, "कशाला धावपळ? डिसेंबरात लोक अदालत आहे, तिथे निम्म्यात मिटतं." ही गोष्ट मात्र मी वकीलबाईंना नीट विचारून घेतली. लोक अदालत चांगलीच. कोर्ट फी नाही, वेळ वाचतो, एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. पण ती मुळात तडजोडीची जागा. ज्याची चूक झालीय आणि दंड जड जातोय, त्यानं जरूर जावं. मला सांगा, मी कशावर सवलत मागू? मी गावाला गेले नव्हते, हे निम्म्यानं खरं मानून घ्या म्हणून? अडीचशे रुपये भरले तरी "होती बुवा ही तिथे" असंच कागदावर राहणार. साडीच्या दुकानात घासाघीस करायला मी कमी नाही, पण इथे माझं मन घेईना.

तक्रार मानली गेली नाही तरी रस्ता संपत नाही. तेव्हा प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायचं आणि तिथे "गुन्हा कबूल नाही" म्हणता यायचं; मग सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर. "वकिलाचा खर्च पाचशेहून जास्त होईल की हो," मी म्हटलं. त्यावर वकीलबाईंनी सांगितलं, ते मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नवरा मास्तर असो की कलेक्टर. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात या प्राधिकरणाची कचेरी असते, १५१०० हा फोनचा नंबर आहे. गाडीच्या चलनासाठी सोडा, पण कितीतरी घरांत बायका "वकील कुठून करू?" म्हणून आयुष्यभर गप्प बसतात.

नवव्या दिवशी तक्रारीचं उत्तर आलं. नामंजूर. कारण एका ओळीत: छायाचित्रात वाहन क्रमांक स्पष्ट दिसत आहे.

स्पष्ट! त्या रात्री मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या इथल्या वाहतूक शाखेत गेले. तिथल्या एका पोलीस ताईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि मान डोलावली. "ताई, आकडा आठच आहे. पण चलन ज्यांनी केलं त्यांनाच दुरुस्त करता येईल. तिकडे कोणी असेल तर कागद घेऊन समक्ष पाठवा."

तिकडे कोणी असेल तर!

घरी येऊन सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. कोणीच बोलेना. मग सासूबाईच सुपाकडे बघत म्हणाल्या, "तिचा भाऊ हाय नं तिथं. त्याले नाही सांगा तं कोनाले सांगा?"

हे म्हणाले, "कर फोन."

दीड वर्षानं भावाचा आवाज ऐकला. मी "हॅलो" म्हटलं आणि तो म्हणाला, "ताई, आई बरी आहे," कारण त्याला वाटलं, एवढ्या दिवसांनी फोन म्हणजे काही वाईट ऐकलं असणार. मग मी चलनाचं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "म्हणजे भाऊजींना वाटलं तू आमच्याकडे आली होतीस?" मी काही बोलले नाही. तोही पुढे विचारत बसला नाही. "कागद पाठव," म्हणाला.

सगळ्या प्रती रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. (२०२५ साली टपाल खात्यानं रजिस्टर स्पीड पोस्टात मिळवून टाकलं, आता पाठवायचं तर स्पीड पोस्टानं, आणि पोचपावती मागून घ्या.) तो तीन वेळा गेला. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा संगणक बंद. तिसऱ्या खेपेला कापूस मोजायचा सोडून सकाळी दहालाच जाऊन बसला. जो हवालदार होता त्यानं फोटो पाहिला, माझ्या गाडीचा फोटो शेजारी धरला आणि म्हणाला म्हणे, "बाहुलीनं घोटाळा केला." काही कडवटपणा नाही, काही नाही. दिवसाला शंभर नंबर टिपणाऱ्या माणसाकडून एक चुकतो, हे मलाही समजतं. खरं सांगायचं तर त्या एकादशीला बँकेसमोर मी माझी गाडी अर्धी रस्त्यावरच तिरपी लावली होती. त्याचं चलन आलं असतं, तर मुकाट्यानं भरलं असतं.

चार दिवसांनी संदेश आला. चलन रद्द. आला ह्यांच्याच मोबाइलवर, शाळेत, मधल्या सुट्टीत. त्यांनी तिथूनच मला फोन केला आणि संदेश जसाच्या तसा वाचून दाखवला, चलन क्रमांकासकट. मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या भावाला कळवलंस का?"

"आत्ताच तर तुम्ही मला सांगताय."

"बरं, मी कळवतो."

दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. पैसे अजून पुरते परत आलेले नाहीत, पण संक्रांतीला मी तिळाचे लाडू घेऊन माहेरी गेले. एसटीनं.

मात्र एक काम मी त्याच आठवड्यात उरकलं. गाडी माझी, नाव माझं, मग संदेश ह्यांच्या मोबाइलवर का यावा? गाडी घेताना शोरूममध्ये नंबर विचारला, तेव्हा मीच ह्यांचा सांगितला होता; तेव्हा माझ्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. 'परिवहन'च्या संकेतस्थळावर हा नंबर बदलता येतो. गाडीचा क्रमांक, चेसिसचा आणि इंजिनचा क्रमांक लागतो; नोंदणीच्या कागदावर तो असतो. मुलगा संगणकाशी बसला, मी शेजारी कागद धरून आकडे सांगत होते. आठ आणि तीन नीट सांगितले.

"आई, ओटीपी आला असेल बघ," तो म्हणाला.

ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला माझा मोबाइल वाजला.